अजिबात काही आणू नका

शिगेनोरी कुरामोचीची चूक एवढीच झाली, की तो खरं बोलला. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' असं लिहून गप्प बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. लिहिलं त्याने तसंच होतं. पण बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कंपनीच्या खरेदी विभागात त्याने अकरा महिन्यांत एकही रजा घेतलेली नव्हती, त्यामुळे विभागप्रमुख होनजोसान तो अर्ज हातात धरून बराच वेळ वाचत बसले. दोन शब्द वाचायला माणसाला वेळ तो किती लागणार? पण त्यांना लागला. मग ते त्याच्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून विचारते झाले, की घरी कुणाचं दुखणंबिखणं तर नाही ना? आता हा माणूस आपल्या बायकोच्या नाहीतर आईच्या आजारपणाची काळजी करत शुक्रवारपर्यंत वावरणार, हे शिगेनोरीला सहन होईना. त्याने सांगून टाकलं, की तसं काही नाही, मुलाला घेऊन तोगावाला जाऊन येतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

दहा मिनिटांत एकोणीस जणांच्या विभागाला ही बातमी कळली होती.

तोगावाच का, तर तिथे पिवळी गाडी जाते. शिगेनोरीचा मुलगा तोमा सव्वादोन वर्षांचा, आणि त्याच्या भाताच्या वाटीच्या तळाशी ही दोन डब्यांची पिवळी गाडी छापलेली. भात संपल्याशिवाय गाडी दिसत नाही आणि गाडी दिसल्याशिवाय तोमा पानावरून उठत नाही, असा रोजचा कार्यक्रम. पण शिगेनोरीचं खरं दुखणं वाटीत नव्हतं. गेला दीड महिना तोमाने एकच घोषणा लावून धरली होती, 'बाबा नको'. बूट बाबाने घालायचे नाहीत. अंघोळ बाबाने घालायची नाही. लिफ्टचं बटण बाबाने दाबलं तर लिफ्ट पुन्हा खाली न्यायची आणि मग आईने दाबायचं. एका रविवारी शिगेनोरीने मोठ्या प्रेमाने केळं सोलून दिलं, तर पोराने जमिनीवर लोळण घेतली. केळं बाबाने सोललं होतं, ते आता परत बंद करून हवं होतं. शिगेनोरीने ते सालीत घातलं आणि चिकटपट्टी लावून बंद करून दिलं. चिकटपट्टीही बाबानेच लावलेली, म्हणून तीही चालली नाही. आणि हाच मुलगा पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाच्या मात्र गळ्यात पडायचा.

त्याची बायको मिसुझु म्हणाली, या वयात असं होतं, पुस्तकात लिहिलंय. पुस्तक शिगेनोरीनेही वाचलं होतं. आईवडिलांनी हे मनाला लावून घेऊ नये, असं त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्याने ते मनाला लावून घेतलं. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला केळ्यावरून रडू येऊ शकतं, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं. सकाळी सातला घर सोडायचं, परत यायचं तेव्हा पोरगं झोपलेलं, आणि शनिवार-रविवारी जाग्या मुलाकडून 'बाबा नको' ऐकायचं. त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, कुणी न सांगता, न ढकलता तोमाने आपण होऊन आपल्याकडे यावं. बाकी मग काय व्हायचं ते होवो.

पिवळी गाडी ज्याने दाखवली तो बाबा आवडल्याशिवाय कसा राहील, असा त्याचा साधा विचार होता. मिसुझुची हरकत नव्हती. तिने एकच अट घातली.

"एक दिवस हात मोकळे ठेव. तुला बघावं तेव्हा काहीतरी धरलेलं असतं. बॅग, छत्री, फोन, काही ना काही. तो येणार कुठे तुझ्याकडे?"

शिगेनोरी हो म्हणाला. त्या वेळी त्याच्या दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या होत्या, कारण तो प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता.

इकडे ऑफिसात सल्ले सुरू झाले. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, की चौथ्या डब्याच्या तिसऱ्या दारातून उतरलात तर लिफ्ट समोर येते, पाचव्यातून उतरलात तर अख्खा फलाट चालावा लागतो. एकाने वेळापत्रक छापून त्यावर तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. बाबागाडी न्यावी की नेऊ नये यावर जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले, आणि ज्यांना मुलंच नव्हती त्यांची मतं जास्त ठाम होती. शेवटी होनजोसान आले. तोगावा म्हटलं की मोनाका, ते म्हणाले. पातळ कुरकुरीत पापुद्रा आणि आत शेंगदाण्याचं गोड सारण. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती एकदाच खाल्ली होती. एवढं बोलून ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग भानावर आल्यासारखे म्हणाले, "पण तुम्ही अजिबात काही आणू नका हां. लहान मूल बरोबर आहे. खरंच नको. अगदी नको."

हे वाक्य कसं ऐकायचं ते त्या देशात कुणाला शिकवावं लागत नाही. एकदा नको म्हणजे आणलंत तर चालेल. दोनदा नको म्हणजे आणा. आणि तीनदा नको म्हणजे चांगल्या कागदात बांधून आणा, आणि माणसं नीट मोजा, एकालाही कमी पडता कामा नये. आपण एक दिवस काम सोडून मजा करायला गेलो, मागे बाकीच्यांनी आपलं काम उचललं, तेव्हा परत येताना सगळ्यांसाठी तिथला खाऊ आणायचा, यात चर्चेला जागाच नाही. शिगेनोरीने आयुष्यात कुणाच्याही 'नको'चा शब्दशः अर्थ घेतलेला नव्हता. घेतला तो फक्त तोमाच्या.

शेजारच्या निशिगाकी आजींना बातमी बाल्कनीतून कळली. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी सहा उकडलेली अंडी, एक लोकरीची टोपी आणि झोपलेल्या मुलाला देव जरी समोर उभा राहिला तरी उठवायचं नाही असा सल्ला, एवढं सगळं आदल्या संध्याकाळीच आणून दिलं. वसंत ऋतूत त्या गरम पाण्याच्या झऱ्यांना जाऊन आल्या होत्या, तेव्हा लोणच्याची बरणी आणली होती, तिची परतफेड शिगेनोरीच्या डोक्यावर होतीच. "आणि माझ्यासाठी काही आणायचं नाही," आजी म्हणाल्या, "मला मेलीला दात तरी कुठे राहिलेत आता." म्हणजे मऊ काहीतरी, हे शिगेनोरीने टिपून घेतलं. यादी वाढत वाढत नऊ खोक्यांवर गेली. ऑफिसला दोन, होनजोसानांना वेगळं कारण त्यांची वीस वर्षांची इच्छा, निशिगाकी आजी, इमारतीचे अध्यक्ष, मिसुझु काम करते तो दातांचा दवाखाना, दोन्हीकडचे आईवडील आणि एक जास्तीचं, ऐनवेळी कुणी आठवलंच तर. यादी फ्रिजवर चिकटवलेली बघून मिसुझुने विचारलं, की आपण मुलाला फिरवायला चाललोय की मोनाकाला?  शिगेनोरी बाबागाडीच्या चाकांना तेल देत होता.

शुक्रवार उजाडला. गर्दीची वेळ टाळून सव्वादहाला घराजवळच्या मात्सुदो स्टेशनाहून निघाले. डबा अर्धा भरलेला आणि आत अशी शांतता, की खोकला आला तरी माणूस आधी मनात माफी मागून घेतो. शिगेनोरीने तोमाला खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. तोमाने मान वळवली, शेजारी कोण बसलंय ते नीट बघितलं, आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बाबा नको."

शिगेनोरी उठला. समोरच्यांना वाकून माफी मागितली, डावीकडच्यांना मागितली, उजवीकडच्यांना मागितली. सगळ्यांनी काही हरकत नाही म्हणून उलट वाकून दाखवलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हळूच कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, आणि ते शिगेनोरीने पाहिलं हे लक्षात आल्यावर त्यांनीही वाकून माफी मागितली. तोमाने मग "बाबा तिकडे" म्हणून दाराकडे बोट केलं. शिगेनोरी दारापाशी जाऊन उभा राहिला. पुढच्या स्टेशनात चढून तिथे उभ्या राहिलेल्या एका बाईंनी थोड्या वेळाने मिसुझुकडे बघून सुस्कारा सोडला आणि हळू आवाजात शिगेनोरीला म्हणाल्या, की बिचारी बघा, एवढ्या लहान मुलाला घेऊन एकटीच निघालीय, आजकालचे नवरे म्हणजे. शिगेनोरी म्हणाला, "हो ना." दुसरं काय म्हणणार? पुढची पन्नास मिनिटं तो दाराच्या काचेतून छपरांवर वाळत घातलेल्या गाद्या बघत उभा राहिला, आणि बाईंना संशय येऊ नये म्हणून त्याने एकदाही बायकोकडे पाहिलं नाही. जंक्शनला तिघं एकत्र उतरले तेव्हा बाईंचं तोंड उघडंच राहिलं. जाता जाता शिगेनोरीने त्यांचीही माफी मागितली.

पिवळी गाडी सुटायला आठ मिनिटं होती आणि तेवढ्यात तोमा झोपला. बाबागाडीत मान टाकून, तोंड उघडं टाकून, असा झोपला की जणू चार दिवस जागाच होता. समोर पिवळीजर्द गाडी उभी. उठवायचं का? निशिगाकी आजींचा सल्ला डोक्यात होता, पुस्तकाचंही तेच म्हणणं होतं आणि मिसुझुचा चेहराही तेच सांगत होता. गाडी निघाली. डोंगर आले, भाताची कापलेली शेतं आली, दोन बोगदे आले, एका वळणावर नदी आली. पंचेचाळीस मिनिटं तोमा घोरत होता. शिगेनोरीने झोपलेल्या मुलाचे सत्तावन्न फोटो काढले, त्यांतल्या एका फोटोत मागे गाडीची पिवळी कड दिसत होती.

तोगावाला उतरल्यावर तोमाने डोळे उघडले, ते नेमके गाडी परत निघून वळणावर दिसेनाशी होत असताना. "पिवळी?" त्याने विचारलं. पिवळी गेली होती. पुढे जे झालं ते फलाटावरच्या सगळ्यांनी पाहिलं. सगळे म्हणजे स्टेशनमास्तर एकटेच, त्या स्टेशनात दुसरं माणूसच नव्हतं. पांढरे हातमोजे घातलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. शिगेनोरीने त्यांना विचारलं, की पिवळी गाडी पुन्हा कधी? ते आत गेले, वेळापत्रकाचं पुस्तक काढलं, पानावरून बोट फिरवलं. गेली तीस वर्षं तेच पान ते बघत असावेत, तरी न बघता सांगणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. बाहेर येऊन त्यांनी अतिशय खेदाने सांगितलं, की मधल्या तीनही गाड्या तपकिरी आहेत, पिवळी आता तीन बेचाळीसला. मग जमिनीवर आडव्या पडलेल्या तोमासमोरही त्यांनी कमरेत वाकून दिलगिरी व्यक्त केली.

साडेतीन तास काढायचे होते आणि तोगावात रस्ता एकच. त्या रस्त्यावर मोनाकाचं दुकान, आणि दुकानापुढे शुक्रवार असूनही रांग. शिगेनोरी मिसुझुला म्हणाला, पाच मिनिटांत आलो. तो रांगेत लागला तेव्हा साडेबारा वाजले होते. दुकानातल्या बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला, किती जणांसाठी, किती दिवसांत खायच्या आहेत, घरी न्यायच्या की कुणाला द्यायच्या, असं बसून विचारत. खोकं बाराचं किंवा आठाचं. ऑफिसात एकोणीस माणसं, म्हणजे बारा आणि आठ वीस, एक उरते. उरलेली एक कुणी खायची हा प्रश्न त्या ऑफिसात अत्यंत अवघड, ती मग चार दिवस चहाच्या खोलीत पडून राहते आणि सगळे तिच्याकडे न बघता जातात. शिगेनोरीने बाईंना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, त्यांना हे नवीन नव्हतं. मग आजींसाठी मऊ, म्हणून सारण जास्त आणि पापुद्रा ओलसर अशा निराळ्या. प्रत्येक खोक्याला कागद, कागदावर दोरी, शिवाय प्रत्येकाला हातात देताना लागेल म्हणून कोरी पिशवी वेगळी. नऊ खोकी आणि नऊ कोऱ्या पिशव्या दोन मोठ्या पिशव्यांत घेऊन तो बाहेर आला तेव्हा सव्वादोन झाले होते.

तोपर्यंत तोमाला तोगावातली सगळ्यात चांगली जागा सापडली होती. दुकानाच्या पलीकडे रस्त्याकडेला एक गटाराची जाळी होती आणि खालून डोंगराचं स्वच्छ पाणी खळखळत जात होतं. तोमा पावणेदोन तास त्या जाळीवर पालथा पडून पाण्यात पानं सोडत होता. आजींची चार अंडी त्याने तिथेच खाल्ली. मिसुझु शेजारी उकिडवी बसलेली, तिच्याही हातात पान. दोघांचे गुडघे चिखलाने भरलेले आणि दोघं हसत होती. शिगेनोरी पिशव्या सावरत जवळ गेला आणि म्हणाला, मला दाखव ना. तोमाने वर बघितलं. आधी पिशव्या बघितल्या, मग वरचा चेहरा.

"बाबा नको," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं. हे जास्त लागलं.

मिसुझुने पाण्यात पुढचं पान सोडलं. हात मोकळे ठेवायच्या अटीची तिने आठवण करून दिली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. शिगेनोरीला वाटलं, आपण इतक्या लांब आलो, आणि पोराच्या आयुष्यातला हा एवढा छान तास आपण रांगेत उभं राहून एकोणिसाव्या माणसाचा विचार करण्यात घालवला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण पिशव्या काही त्याने खाली ठेवल्या नाहीत, खाली चिखल होता आणि खोक्यांचे कागद पांढरे होते.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ते फलाटावर होते. मिसुझु तोमाची चिखलाची पँट धुवायला स्टेशनच्या नळावर गेली. जाताना घडी केलेली बाबागाडी तिने नवऱ्याच्या खांद्याला अडकवली आणि लंगोटांची झोळी गळ्यात घातली. दोन हातांत दोन पिशव्या होत्याच. फलाटावर आता बाप आणि लेक, मध्ये तीन हातांचं अंतर. तोमा त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

आणि वळणावरून पिवळी गाडी आली. वाटीच्या तळाला ती बोटाएवढी असते. ही आली ती धडधडत, फलाट हलवत, आणि स्टेशनात शिरताना तिने भोंगा दिला. तोमा थिजला. त्याने मागे बघितलं, आई नव्हती. मग जे सगळ्यांत जवळचे पाय होते त्यांच्याकडे तो धावला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला,

"बाबा, उचल."

आता शिगेनोरीने काय केलं ते ऐका. ज्या दोन शब्दांसाठी तो दीड महिना झुरत होता ते कानावर पडल्यावर त्याने आधी आजूबाजूला नजर टाकली, की पिशव्या कुठे ठेवाव्यात म्हणजे कुणाच्या वाटेत येणार नाहीत. फलाटावर कुणीही नव्हतं. तरी त्याने बघितलं. माणसाला एकोणचाळीस वर्षांची सवय असते. बाकडं दोन पावलांवर होतं, पण बाकड्यावर ठेवलं तर कुणी बसायचं असेल तर? तोमाचे हात अजून वर होते, पण कोपरात वाकायला लागले होते. ते खाली आले की संपलं, पुन्हा कधी वर होतील याचा नेम नाही, हे शिगेनोरीला एकदम कळलं. त्याने पिशव्या बाकड्यावर टाकल्या. ठेवल्या नाहीत, टाकल्या. बाबागाडी खांद्यावरून घसरून खडखडाट करत फलाटावर पडली, तिकडेही त्याने बघितलं नाही. त्याने पोराला उचललं. तोमाने तोंड त्याच्या मानेत खुपसलं आणि गळ्याला अशी मिठी मारली की श्वास घेता येईना. त्याने श्वास घेतला नाही.

गाडी आठ मिनिटं थांबते. बापलेक आत जाऊन अगदी पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या काचेला लागून उभे राहिले. मिसुझु धावत आली, पडलेली बाबागाडी उचलून आत चढली. पिशव्या त्याने आधीच आत ठेवल्या असणार असं तिला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं. शिगेनोरी आणि पिशव्या हे दोन वेगळे असू शकतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

गाडी हलली. काचेतून बाकडं दिसलं, बाकड्यावर त्या दोन पिशव्या, आणि आतमध्ये होनजोसानांची वीस वर्षांची इच्छा. ड्रायव्हर दीड हातावर होता. माफ करा, एवढा एक शब्द बोलला असता तर गाडी थांबली असती. शब्द शिगेनोरीच्या जिभेवर आला, तो तर नेहमी तिथेच असतो. पण गळ्यातली मिठी जराशी सैल झाली होती आणि तोमा आता काचेतून रुळांकडे बघत पुटपुटत होता, "पिवळी. बाबा. पिवळी." शिगेनोरीने तोंड मिटून घेतलं. मागे स्टेशनमास्तर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत धावत आले. गाडी लांब गेल्यावर, पिशव्या हातात तशाच ठेवून, ते वाकले.

अशा पिशव्या त्या देशात हरवत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. जंक्शनला दार उघडलं तर समोर रेल्वेचा माणूस हजर. शेंगदाण्याच्या मोनाका विसरलेले प्रवासी आपणच का? नाही म्हणायची सोय नव्हती. मिसुझुने नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, म्हणजे एकाच, कारण उजव्या हातावर तोमा झोपलेला होता. ती हसायला लागली ती थांबेचना. पिशव्या पुढच्या गाडीने पाठवता येत नव्हत्या, कारण त्या गाडीत ड्रायव्हरखेरीज माणूस नसतो आणि ड्रायव्हरने सामान सांभाळायचं नाही असा नियम. पोस्टानेही नाही, खाण्याची वस्तू. दहा दिवसांत ओळखपत्र घेऊन समक्ष यावं लागेल. त्यासाठी आत्ता हा फॉर्म. पिशव्यांचा रंग, संख्या, आतल्या वस्तूचं वर्णन. शिगेनोरी डाव्या हाताने लिहायला लागला. अक्षरं तोमाने काढल्यासारखी आली. रेल्वेच्या माणसाने हळूच सुचवलं, की बाळाला क्षणभर बाकड्यावर ठेवलंत तर सोपं जाईल.

"नको," शिगेनोरी म्हणाला.

मात्सुदोपर्यंत त्याने हात बदलला नाही. कोपराखालचा हात आधी मुंग्यांनी भरला, मग तो आपला आहे हेच कळेनासं झालं. इमारतीत निशिगाकी आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोमाकडे बघितलं, मग एकदाच, अगदी एकदाच, शिगेनोरीच्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाल्या की मुलगा दमला वाटतं. शिगेनोरीला दरवाजा लावून घेईपर्यंत घाम फुटला होता.

शनिवारी पहाटे पाच वाजता त्याच्या उशाशी कुणीतरी उभं होतं. मिसुझुने सवयीने हात पुढे केला. "आई नको," तोमा म्हणाला, "बाबा. उचल." दूध बाबाने. बूट बाबाने. लिफ्टचं बटण बाबाने, आईने दाबलं तर लिफ्ट परत खाली. केळं बाबाने सोलायचं, आणि खाताना बाबाने उचलून धरायचं. मिसुझु कूस बदलून झोपली ती साडेनऊपर्यंत, दोन वर्षांत पहिल्यांदा. रविवारी रात्री शिगेनोरीने दंडाला दुखण्याची पट्टी चिकटवली, त्याला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि त्याला आता फक्त पाच मिनिटं कुठेतरी बसायचं होतं.

सोमवारी तो रिकाम्या हाताने ऑफिसात शिरला. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी त्याच्या टेबलाखाली, खुर्चीमागे आणि चहाच्या खोलीतल्या फळीवर सहज नजर टाकली. होनजोसान म्हणाले, मजा आली ना, आणि हो, मी तर आणू नकाच म्हटलं होतं. त्यांच्या आवाजात वीस वर्षांची थकावट होती. शिगेनोरीने सगळं सांगितलं. बाकडं, भोंगा, वर केलेले हात, सगळं. पट्टीचा वास विभागभर पसरला होता. होनजोसान ऐकत राहिले. त्यांची मुलगी आता परगावी कॉलेजात होती आणि फोन आईलाच करायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

"किती वेळ होता कडेवर?" त्यांनी विचारलं.

"घरापर्यंत. दोन तास दहा मिनिटं."

होनजोसानांनी खणातून रजेचा कोरा अर्ज काढून त्याच्यासमोर ठेवला. सापडलेली वस्तू आणायला जायलाच हवं, ते म्हणाले, स्टेशनमास्तरांना किती त्रास. शुक्रवारी जा. मुलालाही न्या. शिगेनोरीने अर्ज भरला, हात दुखत होता म्हणून डाव्या हाताने. कारणाच्या रकान्यात त्याने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'मुलाला पिवळी गाडी दाखवणे'. होनजोसानांनी ते वाचलं, या वेळी भरभर, आणि शिक्का हातात घेता घेता नेहमीच्या सुरात म्हणाले, "त्या पिशव्या घ्या म्हणजे झालं. वेगळं अजिबात काही आणू नका हां. खरंच नको. अगदी नको."

अख्ख्या विभागाच्या माना शिगेनोरीकडे वळल्या.

"बरं," तो म्हणाला, "नाही आणत. आणि त्या पिशव्याही मास्तरांनाच चहाबरोबर खायला देऊन येतो. मला हात मोकळे लागतील."

असं उत्तर त्या ऑफिसात आजवर कुणी दिलेलं नव्हतं. सगळीकडचं टायपिंग थांबलं. होनजोसान शिक्का हवेत धरून काही वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो शाईला दोनदा टेकवला आणि अर्जावर नीट, सरळ उमटवला.